एआयला नोंदी द्यायच्या आहेत, तर टॅग कशाचे लावायचे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही नऊ वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करताय. ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या साधनात साडेतीन हजारांवर नोंदी साठल्यात आणि टॅग, म्हणजे नोंदींना लावलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या, सहाशेच्या पुढे गेलेत. आता त्या नोंदी एआय सहायकाला जोडल्या, तर तो कधी एका ग्राहकाची संज्ञा दुसऱ्याच्या कामात घालतो, कधी तुम्हीच मोडीत काढलेला शब्द पुन्हा उकरून आणतो. टॅग आणखी बारीक करावेत का, ते मराठीत असावेत की इंग्रजीत, आणि टॅग लावण्याचं कामच एआयवर सोपवता येईल का, हे तुम्ही विचारलंय.

आणखी बारीक अजिबात करू नका. तुमच्या सहाशे टॅगांपैकी बहुतेक विषयाचे असणार: पीकविमा, ठिबक, कर्ज, मधुमेह, लसीकरण. माझेही तसेच होते. मी २१ वर्षं शेती, विमा आणि आरोग्य या क्षेत्रांतली माहितीपत्रकं, अर्ज आणि पुस्तिका मराठीत आणते आणि तपासते. माणसाने स्वतः शोधण्यासाठी विषयाचे टॅग उपयोगी होते, कारण आपण अख्खी नोंद वाचत बसत नाही, नुसतं शीर्षक आणि टॅग पाहतो. मॉडेल, म्हणजे सहायकामागचं एआय, मात्र नोंद वाचतं. ती पीकविम्याबद्दल आहे हे सांगायला त्याला टॅग लागत नाही.

त्याला कळत नाही ते वेगळंच असतं. हा शब्द कोणत्या ग्राहकासाठी ठरला? तो आजही चालू आहे का? मी तो ग्राहकाशी बोलून ठरवला, की रात्री अकरा वाजता मनात आलं म्हणून टिपून ठेवला? हे आपल्या डोक्यात असतं, म्हणून आपण ते नोंदीत लिहीत नाही. टॅगाने नेमकं हेच सांगायचं, म्हणजे जे मजकूर कितीही नीट वाचला तरी त्यातून कळणार नाही ते.

हे मला कसं कळलं ते सांगते. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात पीकविम्यासाठी शेतकऱ्याने फक्त १ रुपया भरायचा होता, उरलेला हिस्सा राज्य सरकार भरत होतं. त्या काळात मी एका संस्थेसाठी सहा-सात पत्रकं केली आणि माझ्या नोंदींत ‘शेतकऱ्याचा हिस्सा: १ रुपया’ असं जागोजागी लिहून ठेवलं. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत थांबली आणि प्रधानमंत्री पीकविमा योजनेचे मूळचे दर पुन्हा लागू झाले: खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी आणि फळपिकांना ५ टक्क्यांपर्यंत. नव्या दरांचीही एक नोंद मी केली होती. त्या हंगामाचं पत्रक करताना सहायकाला म्हटलं, जुन्या पत्रकांची भाषा धरून पहिला मसुदा दे. मसुदा सुरेख आला. माझी वाक्यरचना, माझे शब्द, सगळं जागच्या जागी. आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘आपल्याला केवळ १ रुपया भरायचा आहे’.

हे शेवटच्या वाचनात सापडलं. पत्रक तसंच छापून गावोगाव गेलं असतं तर शेतकरी खिशात पैसे न घेता केंद्रावर गेला असता. विम्याच्या नोंदणीला मुदत असते, पुन्हा घरी जाऊन यायला वेळ मिळेलच असं नाही. त्या दिवशी मला जी भीती वाटली ती अजून विसरलेले नाही.

सहायकाची चूक काय होती? खरं सांगायचं तर फार काही नाही. त्याच्यासमोर १ रुपया सांगणाऱ्या सात नोंदी होत्या आणि २ टक्के सांगणारी एकच. सातही नोंदींवर ‘पीकविमा’, ‘खरीप’, ‘पत्रक’ असे टॅग नेटके लावलेले होते. पण त्या आता जुन्या झाल्यात, हे एकाही नोंदीवर लिहिलेलं नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं.

त्यानंतर मी टॅग पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतले. आज माझ्या प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर चार-पाच ओळी असतात. एक खरी नोंद दाखवते, फक्त ग्राहकाचं नाव बदललंय:

कोणासाठी: ग्राहक-क
प्रकार: संज्ञा
दर्जा: पक्कं
पासून: २०२५-०६
पर्यंत:

शेतकरी भरतो ती रक्कम = ‘शेतकऱ्याचा विमा हप्ता’. नुसतं ‘हप्ता’ लिहू नये. वाचणाऱ्याला कर्जाचा हप्ता वाटतो, असं गावातल्या वाचनात दोनदा दिसलं. ‘प्रीमियम’ कंसातही नको, हे ग्राहकाने फोनवर सांगितलं.

ऑब्सिडियनमध्ये या वरच्या ओळींना गुणधर्म म्हणतात. दुसऱ्या कुठल्या साधनात काम करत असाल तर त्याच ओळी नोंदीच्या सुरुवातीला साध्या मजकुरात लिहा. मॉडेलसाठी फरक पडत नाही, कारण टॅग शेवटी त्याला शब्द म्हणूनच दिसतो. टॅगची काही वेगळी जादू चालते असं समजू नका.

यात सगळ्यात जास्त काम ‘दर्जा’ करतो. माझ्याकडे त्याला चारच किमती, म्हणजे तिथे लिहायचे ठरलेले शब्द, आहेत. ‘पक्कं’ म्हणजे ग्राहकाने मान्य केलेलं किंवा शासकीय कागदावरून तपासलेलं. ‘चाचपणी’ म्हणजे मी वापरून बघतेय, अजून कोणी होकार दिलेला नाही. ‘ऐकीव’ म्हणजे कोणीतरी सांगितलं, खातरजमा बाकी. आणि ‘बाद’. पाचवी किंमत काढायचा मोह मला दोन-तीनदा झाला, ‘जवळपास पक्कं’ अशा धर्तीची, आणि दरवेळी तो आवरला ते बरंच झालं. आपल्यालाच जिथे दोन किमतींतला फरक चटकन सांगता येत नाही, तिथे सहायक काय करणार?

बाद झालेली नोंद पुसू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तुमची तक्रार आहे की मोडीत काढलेला शब्द सहायक पुन्हा आणतो. तो शब्द बहुधा तुमच्या जुन्या भाषांतरांतच असेल, आणि सहायक ती भाषांतरं वाचतोय. नोंद पुसलीत तर तो शब्द नाकारला गेला हे सांगणारं काहीच उरत नाही. नोंद ठेवा, दर्जा ‘बाद’ करा, ‘याऐवजी’ अशी एक ओळ घालून नवा शब्द लिहा आणि का बाद झाला ते एका वाक्यात सांगा. ते ‘का’ फार मोलाचं असतं. ‘लाभार्थी हा शब्द नको’ एवढंच लिहिलं तर सहायक तेवढाच शब्द टाळतो. ‘लाभार्थी नको, कारण शेतकरी पैसे भरून विमा घेतो, ते दान नाही’ असं लिहिलं की तो ‘अनुदानित’ आणि ‘मदत मिळणारे’ हेही टाळायला लागतो. हे मी अनेकदा पाहिलंय.

‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या ओळी सुरुवातीला नकोशा वाटतात. प्रत्येक नोंदीला तारीख कुठून आणायची? सगळ्यांना लागतच नाही. शब्दाच्या लकबीची नोंद असेल तर मी त्या रिकाम्या ठेवते. दर, मुदत, पात्रता, अर्जाचा नमुना, सरकारी नाव यांतलं काहीही नोंदीत असेल तर मात्र तारखेशिवाय ती नोंद मी सहायकासमोर ठेवतच नाही. माझे दीर आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सेक्रेटरी आहेत. त्यांनी सर्वसाधारण सभांचे ठराव असेच लावून घेतले, कारण पार्किंगच्या शुल्काबद्दल २०१६ चा ठराव आणि २०२२ चा ठराव दोन्ही फायलीत होते आणि विचारणाऱ्याला सहायक कधी एक सांगत होता, कधी दुसरा. ‘पर्यंत’ भरल्यावर तो घोळ मिटला. काम कोणतंही असो, दुखणं एकच.

एका गोष्टीला अनेक बाजू असतात आणि तिला एकाच कप्प्यात कोंबू नये, हा विचार आपल्याकडे नवा नाही. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण मांडलं. त्यात पुस्तकाचा क्रमांक विषयाच्या वेगवेगळ्या पैलूंमधून जुळवला जातो. व्यक्तित्व, द्रव्य आणि ऊर्जा यांच्या जोडीला त्यांनी स्थळ आणि काळ हे स्वतंत्र पैलू ठेवले. ग्रंथालयशास्त्राची पदविका करताना हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. वीस वर्षांनी नोंदींना ‘पासून’ची ओळ घालताना लक्षात आलं, की काळ हा स्वतंत्र पैलू का हवा ते मला तेव्हा उमगलंच नव्हतं.

आता एक बाब, जी माहीत नसल्यामुळे चांगले टॅग वाया जातात. नोंदी खूप असल्या की बरीच साधनं त्या जशाच्या तशा मॉडेलला देत नाहीत. लांब फाइलचे तुकडे पाडतात आणि प्रश्नाशी जुळतील तेवढे तुकडे उचलून पुढे ठेवतात. तुमचा टॅग फाइलच्या माथ्यावर असेल आणि उचललेला तुकडा चौथ्या पानावरचा असेल, तर तो तुकडा टॅगाविनाच जातो. वर ‘बाद’ लिहिलेलं असतं, आणि मॉडेलच्या हातात पडतो नुसता मधला परिच्छेद, ठाम भाषेत लिहिलेला.

यावर माझा उपाय साधा आहे: एका नोंदीत एकच निर्णय. माझ्या बहुतेक नोंदी आता ऐंशी ते दीडशे शब्दांच्या आहेत. बैठकीचं लांबलचक टिपण असेल तर ते तसंच ठेवते, पण त्यातले निर्णय वेगळ्या नोंदींत काढते. तसं करणं शक्य नसेल तिथे प्रत्येक उपशीर्षकातच दर्जा लिहिते, उदाहरणार्थ ‘दाव्याची मुदत – बाद, २०२४-०३ पर्यंत’. दिसायला बरं दिसत नाही, पण तुकडा कुठूनही उचलला तरी खूण सोबत राहते.

‘आता लाखो टोकन एका दमात वाचणारी मॉडेलं आलीत, सगळंच देऊन टाकू’ असं कोणी म्हणेल. मीही करून पाहिलं. टोकन म्हणजे मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत वाचतं ते तुकडे. एक तर देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, तेव्हा ती मर्यादा आपल्यासाठी वाटते तेवढी ऐसपैस नसते. दुसरं म्हणजे लांब मजकुराच्या सुरुवातीचं आणि शेवटचं मॉडेल जास्त चांगलं धरतात आणि मधलं त्यांच्याकडून निसटतं, असं २०२३ साली स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. त्यानंतरची मॉडेलं खूप सुधारली आहेत. तरीही परस्परविरोधी नोंदींचा ढीग दिला की उत्तर डळमळतं, हा माझा रोजचा अनुभव आहे. निवडून दिलेल्या तीस नोंदी मला सरसकट दिलेल्या तीन हजारांपेक्षा जास्त कामाला येतात, आणि निवडता यावं म्हणूनच तर टॅग.

मराठीत की इंग्रजीत, हा तुमचा प्रश्न मला सर्वात आवडला, कारण इथे आपल्या भाषेचे स्वतःचे पेच आहेत आणि ते परक्या मार्गदर्शनात कुठेच सापडत नाहीत.

पहिला पेच सामान्यरूपाचा. ‘विमा’ असं शोधलं की ‘विम्याचा’ सापडत नाही. ‘हप्ता’ शोधलं की ‘हप्त्याची’ निसटतं. ‘पाणी’ शोधलं की ‘पाण्याच्या पाळ्या’ हाती लागत नाहीत. प्रत्यय लागण्याआधी शब्दच बदलतो, म्हणून अक्षरशः जुळवणी करणारा शोध मराठीत अर्ध्यावर अडकतो. तुमच्या संगणकावरच्या फोल्डरमध्ये काम करणारे सहायक बऱ्याचदा असाच शोध घेतात. अर्थावरून शोधणारी साधनं यातून बरीच सुटतात, पण तुमचं साधन कोणत्या पद्धतीने शोधतं ते दरवेळी कळत नाही. टॅगाला प्रत्यय लागत नाही. तो कायम मूळ रूपात उभा असतो. विषयाचे टॅग नकोत असं मी वर म्हटलं, त्याला हा एक अपवाद: मोजके पंधरा-वीस मुख्य शब्द मूळ रूपात नोंदीच्या माथ्यावर असू द्या.

दुसरा पेच डोळ्यांना दिसतच नाही. माझा ‘बँक’ असा एक टॅग होता. एकदा सहायकाला म्हटलं, या टॅगाच्या सगळ्या नोंदी काढ. त्याने सव्वीस काढल्या. मला खात्री होती की चाळीसच्या वर आहेत. अर्धा दिवस गेल्यावर कळलं, की संगणकावर मी ‘ब’वर चंद्रबिंदू देत होते आणि फोनवर आधी अर्धचंद्र, मग अनुस्वार. माझ्या फाँटमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. ‘ॲप’चंही तसंच. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर म्हणून टाइप होऊ शकतं किंवा ‘अ’ आणि त्यावर वेगळा अर्धचंद्र असंही. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला अर्धा ‘ऱ’ तर एकाहून अधिक तऱ्हांनी उमटतो. डोळ्यांनी तपासून हे सापडणं अशक्य आहे.

म्हणून मी टॅग मराठीतच लावते, पण त्यांत ॲ, ऑ, चंद्रबिंदू आणि अर्धा ‘ऱ’ येऊ देत नाही. ‘बँक’ऐवजी ‘वित्त’, ‘शेतकऱ्यांसाठी’ऐवजी ‘वाचक-शेतकरी’, ‘ऑनलाइन-अर्ज’ऐवजी ‘अर्ज-संगणकी’. आणि टॅग कधीच हाताने टाइप करत नाही. ‘यादी’ नावाची एक फाइल आहे, तिथून उचलते किंवा ऑब्सिडियन सुचवतं ते घेते. ऑब्सिडियनच्या टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही आणि नुसत्या अंकांचा टॅगही चालत नाही, तेव्हा ‘२०२५’ असा टॅग लावायला जाऊ नका. वर्षासाठी ‘पासून’ची ओळ आहेच. इंग्रजी टॅग लावले तर हे पेच टळतात, हे खरं. पण तुमची नोंद मराठी, तुमचा प्रश्न मराठी आणि मधला दुवा इंग्रजी असला की तो दुवा टिकवायचं ओझं तुमच्यावरच येतं. मला ते जमलं नाही. महिन्याभरात मी ‘क्लेम’ आणि ‘दावा’ असे दोन्ही टॅग लावून बसले होते.

एवढं करूनही सहायकाला टॅगांचा अर्थ सांगितला नाही तर उपयोग नाही. ‘बाद’ पाहून त्याने काय करायचं हे त्याला आपोआप समजत नाही. क्लॉड किंवा चॅटजीपीटीमध्ये प्रकल्पासाठी कायमच्या सूचना लिहायची सोय आहे. फोल्डरमध्ये काम करणारे सहायक सुरुवातीलाच वाचतात अशी एक सूचना-फाइलही ठेवता येते. माझ्या सूचनेतला महत्त्वाचा भाग हा असा:

“मसुद्यासाठी फक्त ‘दर्जा: पक्कं’ असलेल्या नोंदी आधाराला घे. ‘चाचपणी’ची नोंद वापरलीस तर तसं सांग. ‘बाद’ नोंद म्हणजे इशारा: त्यातला शब्द किंवा आकडा वापरायचा नाही. दोन पक्क्या नोंदी एकमेकींविरुद्ध असतील तर स्वतः निवडू नकोस, दोन्ही दाखव आणि मला विचार. ‘कोणासाठी’ ज्या ग्राहकाचं आहे त्याच्याच कामात ती नोंद वापर. ‘सर्व’ असेल तर कुठेही. दर, मुदत किंवा पात्रता लिहिताना कोणत्या नोंदीवरून घेतलं तिचं नाव दे. नोंद नसेल तर ‘नोंद नाही’ असं लिही, अंदाज बांधू नकोस.”

एका ग्राहकाचा शब्द दुसऱ्याच्या कामात जाण्याची तुमची अडचण ‘कोणासाठी’च्या वाक्याने बरीचशी जाईल. पूर्ण जाणार नाही. दोन स्पर्धक ग्राहकांचं काम एकाच वेळी चालू असेल तर मी प्रकल्पच वेगळे करते आणि प्रत्येकात त्याच्या नोंदी आणि ‘सर्व’च्या नोंदी, एवढंच ठेवते. टॅग ही विनंती असते, पाळली जाईलच याची हमी नसते. वेगळ्या जागी ठेवलेली नोंद मात्र चुकून वापरली जाऊच शकत नाही.

गोपनीय मजकुराला हेच जास्त कठोरपणे लागू होतं. ‘गोपनीय’ असा टॅग लावून ती नोंद सहायकाच्या फोल्डरमध्ये ठेवणं म्हणजे तिजोरीवर ‘उघडू नका’ अशी चिठ्ठी लावून ती उघडी टाकणं आहे. रुग्णांची माहिती, दाव्यांतली नावं, बँक खाती, ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असलेला अप्रकाशित मजकूर, हे माझ्याकडे वेगळ्या फोल्डरमध्ये असतं आणि तिथे कोणत्याही सहायकाला शिरकाव नाही. त्यातून शिकण्यासारखं काही असलं तर नावगाव काढून नवी नोंद लिहिते. लोकांनी आपल्याला कागद दिला तो भाषांतरासाठी. तो आणखी कुठे जावा असं त्यांनी म्हटलेलं नसतं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

आता तुमच्या साडेतीन हजार नोंदींचं काय करायचं? सगळ्यांना टॅग लावायला बसू नका. मी बसले होते, दोन आठवड्यांत कंटाळले, आणि शेवटच्या पाचशे नोंदींना जे टॅग लावले ते निव्वळ उरकण्यासाठी लावले. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांच्याकडे नोंदींची सुमारे ९०,००० कार्डं होती. तरी त्यांच्या सूचीत एकेका शब्दासमोर मोजकेच क्रमांक असत. तिथून पुढे कार्डंच एकमेकांकडे नेत. सगळं सूचीत यायला हवं, असं काही नाही.

चालू ग्राहक घ्या, बहुधा पाच-सहा असतील. त्यांच्यासाठी झालेले निर्णय शोधा: ठरलेल्या संज्ञा, नाकारलेले शब्द, दर आणि मुदती. दोनशेच्या आसपास नोंदी निघतील. त्यांना चार ओळी लावा आणि फक्त त्याच सहायकाला जोडा. उरलेल्या जुन्या फोल्डरमध्ये पडू द्या. पुढे कामाच्या ओघात जुनी नोंद उघडावी लागली तर तिथेच दर्जा ठरवून ती नव्या फोल्डरात हलवा. माझ्या जुन्या नोंदींपैकी निम्म्याहून जास्त दोन वर्षांत एकदाही उघडल्या गेल्या नाहीत. त्यांच्यावर घालवलेला वेळ मला परत हवा आहे. जुने सहाशे टॅग मात्र एकदा मोजून बघा. ऑब्सिडियन प्रत्येक टॅगापुढे संख्या दाखवतं. एक किंवा दोन अशी संख्या असलेले टॅग सरळ काढून टाका.

टॅग एआयनेच लावावेत का? अर्धे काम द्या, अर्धे देऊ नका. ‘प्रकार’ तो छान ओळखतो, मुख्य शब्द मूळ रूपात काढून देणंही त्याला जमतं. फक्त त्याला ‘यादी’ फाइल द्या आणि बजावा की यादीबाहेरचा नवा टॅग बनवायचा नाही, नाहीतर ‘विमा-हप्ता’, ‘हप्ता-विमा’ आणि ‘विमाहप्ता’ हे तिन्ही एका दुपारीत तयार होतील. ‘पासून’ची तारीख मजकुरात स्पष्ट असेल तर ती त्याने भरावी, मी नजर टाकते.

‘दर्जा’ मात्र माणसानेच लावायचा. मी एकदा तेही सोपवून पाहिलं. शंभर नोंदी दिल्या, आणि ज्या ठाम भाषेत लिहिल्या होत्या त्या बहुतेक त्याने ‘पक्कं’ ठरवल्या. त्यांत माझा रात्रीचा एक अंदाज होता, ‘नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची म्हणजे कामकाजाचे तीन दिवस’ असा. मी तो टिपताना प्रश्नचिन्ह घालायचं विसरले होते, आणि अंदाज चुकीचा होता. तास म्हणजे तास. सुट्टी आली म्हणून घड्याळ थांबत नाही. शेतात पाणी साचलेल्या माणसाला शनिवारी ‘सोमवारनंतर कळवा’ असं सांगणारं पत्रक निघालं असतं. हा अंदाज कोणी तपासला नव्हता, हे त्या नोंदीतून सहायकाला कुठून कळणार होतं?

शेवटी, टॅग बदलले की ते काम करताहेत का हे पाहायची माझी पद्धत. वीस प्रश्नांचा एक कागद आहे, ज्यांची उत्तरं मला पाठ आहेत. ‘ग्राहक-क साठी क्लेमला काय म्हणायचं?’, ‘खरिपात शेतकऱ्याचा हिस्सा किती?’, ‘लाभार्थी का चालत नाही?’ असे. त्यांतल्या पाच प्रश्नांची उत्तरं माझ्या नोंदींत मुद्दामच नाहीत. तिथे ‘नोंद नाही’ असं यायला हवं. माथ्यावरच्या ओळींत काही बदल केला किंवा मॉडेलची नवी आवृत्ती आली की वीसही प्रश्न विचारते, पाऊण तास जातो. पहिल्यांदा केलं तेव्हा अकरा बरोबर आले. दर्जा आणि तारखा लावल्यावर अठरा. राहिलेल्या दोनांपैकी एकात नोंदच मी दोन अर्थ निघतील अशी लिहिली होती. दुसऱ्यात सहायकाने उत्तर बरोबर दिलं होतं आणि माझ्या कागदावरचं जुनं होतं. तो कागद दुरुस्त केला, आणि त्यावरही ‘पासून’ची तारीख घातली.